विहिरीत सोडलेली चाकं

बहिरूला काम सांगायचं तर जपून सांगावं लागे. तो कामचुकार होता म्हणून नव्हे, सांगितलं त्याहून जास्त करायची त्याला खोड होती म्हणून. गुलाबांना दिवसाआड पाणी घाल म्हटलं, तर हा गडी सकाळ-संध्याकाळ घालायचा, आणि मुळं कुजून झाडं माना टाकायला लागली की त्यांच्यापाशी उकिडवा बसून त्यांची समजूत काढायचा. एकदा बाईसाहेबांनी चांदीचा मुलामा दिलेलं तबक पुसून ठेवायला सांगितलं. बहिरूने ते राखेने असं घासलं की मुलामा पार गेला आणि खालचं पितळ चमकायला लागलं. वर "बघा, आतनं कसं सोनं निगालं," म्हणून तेच तबक त्याने बाईसाहेबांपुढे धरलं. बाईसाहेबांना हसूच आलं. अशा माणसावर चिडायचं तरी कसं?

बंगला होता फिरोजशेठचा. लोणावळ्याच्या बाजारापासून जरा आत, तुंगार्लीच्या वाटेवर. शेठ मुंबईचे पारशी. थंडीत आणि मे महिन्यात यायचे, बाकी वर्षभर बंगला बहिरूच्या हवाली. बहिरू डोंगरातल्या वाडीवरचा. मिसरूड फुटत होतं तेव्हा गवत कापायला म्हणून आला आणि तिथलाच झाला. माळी तोच, रखवालदार तोच. मागच्या अंगाला दोन खणांची खोली होती, तिथे तो आणि त्याची बायको चिमाबाई राहायची. मूलबाळ झालं नाही. दोघांनी त्याचा बोल एकमेकांना कधी लावला नाही, हे त्यांचं शहाणपण.

चिमाबाईचं माहेर धामणवाडी. तुंग किल्ल्याच्या सावलीतली दहा-पंधरा घरं, मध्ये वाघजाईचं ठेंगणं देऊळ, खाली भातखाचरं. पुढे खाली नदीवर धरण झालं, माणसं उठली, पाणी चढत गेलं आणि वाडी पाण्याखाली गेली. चिमाबाईने ते डोळ्यांनी बघितलं नाही. त्या आधीच्याच पावसाळ्यात ती शेवाळलेल्या पायरीवरून घसरून पडली होती. वैदूने हाड बसवलं, पण कसलं बसवलं! डावा पाय कमरेपासून काठीसारखा ताठ झाला. तिला काठीच्या आधाराने चार पावलं चालता येई, आडवं होता येई. बसता येत नसे. माहेर बुडलं तेव्हा ती खाटेवर आढ्याकडे बघत पडलेली होती.

बुडलं ते बुडलं, असं म्हणून तिने मनाला आवरलंही असतं. पण तिचा भाऊ गेणू, जो उठून वडगावला जाऊन बाजारात हमाली करायला लागला होता, तो एका वैशाखात आला आणि म्हणाला, "चिमे, पाणी खाली गेलंय. समदी वाडी उगडी पडली. आपल्या घराचा उंबरा दिसतोय बघ. जात्याचा खालचा दगड बी तसाच हाय. लोकं वाघजाईची ओटी भरून येत्यात."

त्या दिवसापासून चिमाबाईला दुसरं काही सुचेना. भाकरी खाताना उंबरा, अंथरुणावर पडली की उंबरा. "मला एकदा तितं न्ह्या," ती बहिरूला म्हणायची. "मला काय बी नगं. नुसतं बघून येते."

पण न्यायचं कसं? बजरंग गाडीवाल्याच्या बैलगाडीत घालून बहिरूने एकदा तिला कार्ल्याच्या देवीला नेऊन बघितलं. वलवणच्या पुढे जाण्याआधीच धक्क्यांनी तिची शुद्ध हरपली, गाडी माघारी आणावी लागली. डोलीत घालून न्यावं, तर इतक्या लांब खांदा द्यायला माणसं कुठली आणायची? वाडीची माणसं तर दाही दिशांना पांगलेली.

आता शेठच्या डब्याविषयी सांगायला हवं. डबा म्हणजे मोटारीच्या मागे जोडून ओढायचं चाकांवरचं घर. शेठनी मुंबईत हौसेने बनवून घेतलेलं. आतून प्लायवूड, बाहेरून अॅल्युमिनियमचा पत्रा, दोन निजायच्या फळ्या, एक स्टो, इवल्या खिडक्यांना पडदे. इतका हलका की तीन माणसं अंगणभर ढकलत फिरवतील. चाकं दोनच, तीही लहानखुरी. गोदीच्या भंगारातून कुठल्याशा विलायती गाडीची शेठनी निवडून आणलेली. शेठ आणि बाईसाहेब डबा घेऊन अलिबागला जायचे, महाबळेश्वरला जायचे. बाईसाहेब वारल्या आणि डबा बंगल्याच्या छपरीत उभा राहिला. शेठ त्याच्यावरची धूळ पुसायचे, पण तो घेऊन कुठे गेले नाहीत.

पाऊस तोंडावर आलेला असताना शेठ एका वर्षी आले. डबा पुसायला त्यांनी दार उघडलं. चिमाबाई काठी टेकत छपरीच्या खांबाला धरून उभी होती. ती शेठशी फारशी कधी बोलत नसे. त्या दिवशी बोलली.

"शेठ, आत निजून जाता येतंय का वो?"

शेठनी तिच्याकडे बघितलं. मग बहिरूला हाक मारली, आणि दोघांनी मिळून तिला आत नेऊन फळीवर निजवलं. ताठ पाय नीट मावला. शेठनी खिडकीचा पडदा सरकवला. तिला पडल्या पडल्या बाहेरचं जांभळाचं झाड दिसायला लागलं, आणि बाई रडायलाच लागली. बहिरूने शेठना सगळं सांगितलं. धामणवाडी, पाणी, उंबरा.

शेठ डब्याच्या पायरीवर बसले. मग म्हणाले, "आता पाऊस आला, मातीचा रस्ता खराब होणार. पुढचा वैशाख. मी गाडी आणते, डबा जोडते, हिला घेऊन जाते. माझी रोशन असती तर तिने पण हेच केला असता. प्रॉमिस."

शेठचं मराठी असंच होतं. बाईमाणसासारखं बोलायचे, पण शब्दाचे पक्के.

दरवर्षी डबा पावसाळ्यासाठी उचलून ठेवायचं काम शेठचा ड्रायव्हर करायचा. तो नोकरी सोडून गेला होता. म्हणून शेठ छपरीत खुर्ची टाकून बसले आणि बहिरूकडून करून घ्यायला लागले. बहिरूचं गाडीचं ज्ञान त्याच्या बापाकडचं. बाप वडगावच्या एका जमीनदाराच्या बैलगाडीवर होता. बैलगाडी उचलायची म्हणजे खांदा लावायचा, हुप्प करायचं आणि खाली धोंडा सरकवायचा. बहिरूने जॅक घेतला तो थेट डब्याच्या कडेखाली लावला.

"अरे तिथे नाय!" शेठ खुर्चीतून उठलेच. "वरती नुसता फळी आहे. जॅक आत घुसून जाईल. पहिला दुसऱ्या बाजूच्या चाकाला दगड लाव, पुढून पण, मागून पण. हं. आता खाली बघ. तो लोखंडी आस दिसतो? त्याला स्प्रिंगचे पाटे जिथे बांधलेत, तिथे लाव. भार तिथेच घेणार."

बहिरूने तसं केलं. जॅकखाली जमीन मऊ होती, म्हणून रुंद फळी टाकली. डबा हळूहळू वर यायला लागला तसा त्याने टायर फिरतंय का बघायला हात खाली घातला. शेठ ओरडले, "हात बाहेर! जॅकवर असताना खाली काय पण घालायचा नाय. हात नाय, डोका नाय. जॅक उचलायला असतो, ठेवायला नसतो. ठेवायला ठोकळे."

मग ठोकळे. जाड सागवानी तुकडे, दोन असे, त्यावर दोन आडवे, वर पुन्हा दोन. एक बाजू थोडी उचलायची, मग दुसरी थोडी, म्हणजे डबा कलत नाही. पुढच्या दांड्याखाली वेगळी रास. चार कोपऱ्यांना पाय होते ते नुसते जमिनीला टेकवायचे, डुलू नये म्हणून. त्यांच्यावर भार द्यायचा नाही. शेवटी जॅक काढला. चाकं जमिनीपासून चार बोटं अधांतरी लटकली. शेठनी डब्याला खांदा लावून हलवून बघितलं. डबा ढिम्म.

"बस," शेठ खूश होऊन म्हणाले. "टायरवर भार नाय, पाट्यांवर भार नाय. वरीसभर असाच ठेव. आता याला हात लावू नको."

शेठ मुंबईला गेले, आणि हात लावू नको ही एक गोष्ट बहिरूला जमण्यासारखी नव्हती.

त्याच्या जिवाला घोर लागला. एरवीचा डबा वेगळा. हा आता चिमाबाईला माहेरी नेणारा डबा होता. छपरीत पावसाचे फवारे येतात, ऊन आलं की तिरपं आत शिरतं, आणि चाकं उघडी लटकलेली. बापाचं त्याला आठवे. गाडी कामात नसली की बाप ती धोंड्यांवर घ्यायचा, चाकं उतरवायचा आणि नदीच्या डोहात नेऊन बुडवायचा. कोरडं चाक आकसतं, आरे खिळखिळे होतात, वरची लोखंडी धाव निसटते. पाण्यात चाक फुगून घट्ट राहतं. मावळातला कुठलाही गाडीवान हेच करेल. चाकाची काळजी घ्यायची म्हणजे त्याला पाणी दाखवायचं, यात विचार करण्यासारखं काही आहे असं बहिरूला वाटलंच नाही.

त्याने पाना घेतला आणि चाकं काढली. बंगल्यामागे जुनी विहीर होती, नळ आल्यापासून कुणी वापरत नव्हतं. दोराला बांधून त्याने चाक आत सोडलं, तर चाक तरंगायला लागलं. बहिरूला नवल वाटलं. बापाचं चाक असं कधी वागलं नव्हतं. त्याने काडीने दाबून टायरमधली हवा सोडली, चाकाला धोंडा बांधला आणि पुन्हा सोडलं. या खेपेला ते बुडबुडे सोडत शहाण्यासारखं खाली गेलं. त्याच्या मागे दुसरं.

"पाण्यात हायत," त्याने चिमाबाईला सांगितलं.

"मग काळजी न्हाई," चिमाबाई म्हणाली. तिचा बापही गाडी ठेवून होता.

पावसाळा गेला. थंडीत शेठ आले नाहीत. छातीचं दुखणं निघालं, असा निरोप आला. चिमाबाईचं मन चरकलं, पण शेठ शब्द मोडणार नाहीत हे तिला ठाऊक होतं. तिने एक हिरवा खण आणवून ठेवला, वाघजाईच्या ओटीसाठी. दर थोड्या दिवसांनी विचारायची, "चाकं बरी हायत न्हवं?" बहिरू विहिरीत डोकावून दोर ओढून बघायचा. दोर ताठ असायचा. "निवांत हायत," तो सांगायचा. त्या वर्षाइतकी हसताना त्याने तिला पुष्कळ दिवसांत बघितलं नव्हतं. खाटेवर पडून ती त्याला वाडीतल्या बारीकसारीक गोष्टी सांगायची. उंबऱ्यावर बसून तिची आय तांदूळ निवडायची. उंबरा मधोमध खोलगट झाला होता, तिथेच बसायला बरं वाटायचं. बहिरू त्या घरी जावई म्हणून कितीदा गेलेला, पण हे सगळं तो नव्याने ऐकल्यासारखं ऐकायचा.

वैशाखात शेठ आले. अर्धे राहिले होते. सोबत पगारी ड्रायव्हर, आणि बाजारातला भिकाजी फिटर डबा तपासायला म्हणून बोलावलेला. चिमाबाईने सरूबाई शेजारणीकडून वेणी घालून घेतली होती. खण, नारळ, तांदूळ पदरात बांधून ती दाराशी काठीवर उभी होती.

"चाकं कुठे?" शेठनी विचारलं.

"आणतो की," बहिरू म्हणाला आणि ऐटीत विहिरीकडे गेला.

चाक वर आलं तेव्हा त्याच्यातून लालभडक पाणी गळत होतं. भिकाजीने बोटाने रीम खरवडली, तर पोपडा हातात आला. नटांची भोकं गंजाने खाऊन मोठी झालेली. टायरच्या आतले दोरे कुजले होते. तरी त्याने पंपाने हवा भरून बघितली. टायरच्या कुशीला गळू आल्यासारखा फुगवटा आला आणि फुस्स करून सगळं संपलं. दुसऱ्याचीही तीच गत.

"मोटारीची चाकं लावा की," बहिरू म्हणाला.

"त्याला बसणार नाहीत. माप वेगळं, नट वेगळे," भिकाजी म्हणाला. "असली मुंबईत शोधावी लागतील. मिळेस्तोवर पाऊस येईल. आणि ही लावून घाटात बाईमाणूस न्यायचं पाप मी करणार नाही."

शेठ विहिरीच्या कठड्यावर बसले. ते रागावले असते तर बहिरूला बरं वाटलं असतं. ते एवढंच म्हणाले, "किती चांगला उचलला होता तू डबा, बहिरू." पुढच्या वैशाखाचं या खेपेला ते काही बोलले नाहीत, आणि बहिरूनेही विचारलं नाही. छातीवर हात ठेवून पायऱ्या चढणाऱ्या माणसाला काय विचारणार?

चिमाबाईने मोटारीत बसून बघायचाही प्रयत्न केला. फियाटच्या मागच्या बाकावर पाय मावेना. दार लावायला गेले तशी तिने किंकाळी फोडली. मग ती खाटेवर जाऊन भिंतीकडे तोंड करून पडली. बहिरूला एक शब्द बोलली नाही. शिव्या दिल्या असत्या तर त्याने त्या ओंजळ धरून घेतल्या असत्या. शेठ मुंबईला परत गेले त्या दिवशी ती तोंड न वळवता म्हणाली, "तुमी जावा. वटी भरा. आन माज्या वतीनं नीट बगून या. कायबी सोडू नगा."

बहिरू निघाला. एस.टी. जिथवर गेली तिथवर एस.टी.ने, पुढे पायी. खण-नारळ छातीशी धरलेले. ऊन मी म्हणत होतं, आणि ते जितकं भाजेल तितकं त्याला बरंच वाटत होतं. खिंड चढून तो वर आला. इथून धामणवाडी खाली दिसायची. लग्नानंतर पहिल्यांदा चिमाबाईला माहेरी आणलं तेव्हा इथूनच ती त्याला मागे टाकून पळत सुटली होती.

खाली पाणी होतं. या टेकडीपासून त्या टेकडीपर्यंत नुसतं पाणी, निळं आणि भरलेलं. घरं नव्हती, देऊळ नव्हतं, खाचरं नव्हती. बहिरू काठापर्यंत उतरला. तिथे एक म्हातारा म्हशी पाजत होता.

"धामणवाडी उगडी पडती म्हनं वैशाखात?" बहिरूने विचारलं.

"औंदा न्हाई," म्हातारा म्हणाला. "मागला पाऊस लय झाला. पाणी उतरलंच न्हाई बाबा. देवळाचा कळस बी दिसला न्हाई कुणाला."

बहिरू तिथेच बसला. अदमासाने वाघजाईच्या दिशेने त्याने खण आणि तांदूळ पाण्यात सोडले, नारळ सोडला. आणि बसल्या बसल्या त्याच्या ध्यानात आलं, की चाकं चांगली असती, डबा घाट उतरून इथवर आला असता, तरी चिमाबाईने खिडकीतून हेच बघितलं असतं. हे पाणी. चाकांनी काहीसुद्धा बुडवलं नव्हतं. त्याच्या छातीवरून धोंडा उतरल्यासारखं झालं. तो मोठ्याने हसला, म्हाताऱ्याने वळून बघितलं. परत येताना सगळी वाट तो तेच घोकत होता, की चिमे, माझा दोष न्हाई. तिकडं काय बी नव्हतंच. बायकोशी पुन्हा बोलता येणार, या आनंदात त्याची पावलं भराभर पडत होती.

फाटकातून आत शिरला तर चिमाबाई खाटेवर नव्हती. दारात काठीवर उभी होती; किती वेळची, कुणास ठाऊक. कुंकू लावलेलं, लुगडं धुतलेलं. माहेरचं माणूस यायचं असावं तशी ती त्याच्या तोंडाकडे बघत होती.

"दिसलं?" तिने विचारलं.

बहिरूने बोलायला तोंड उघडलं. घोकलेलं सगळं जिभेवर होतं. तिच्या डोळ्यांकडे बघून ते त्याने गिळून टाकलं.

"दिसलं," तो म्हणाला. "समदं उगडं पडलंय."

"आन उंबरा?"

"हाय की. मदी खोलगा हाय, त्यात थोडं पाणी साचलंय."

"जात्याचा दगड?"

"तसाच. वाघजाईच्या देवळात गाळ हाय गुडघाभर, पर पोरींनी पायऱ्या धुतल्यात. तुजी वटी भरली. म्हाताऱ्या इच्यारीत होत्या, चिमा कुटं हाय म्हनून."

चिमाबाई ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावर असं सुख पसरलं की बहिरूला तिच्याकडे बघवेना. मग ते हळूहळू ओसरलं.

"मंजी चाकं धड असती," ती म्हणाली, "तर म्या बी बगितलं असतं."

बहिरूने पायातल्या वहाणा काढल्या आणि भिंतीशी नीट लावून ठेवल्या.

"व्हय," तो म्हणाला. "बगितलं असतंस."